याहीणबाईंचा कागदी मांडव

याहीणबाई, तुमच्या तेराव्याला पंगतीत बसून बायका तुमच्याबद्दल जे बोलल्या, ते ऐकून मला घास गिळवेना. एक म्हणाली, किती गरीब स्वभावाची बाई होती. दुसरी म्हणाली, कधी कुणाला टोचून बोलली नाही. तिसरीने तर कमालच केली. म्हणे, अख्ख्या नंदुरबारात लग्नाचा मांडव सजवावा तो हिनेच. काय ती नजर, काय ती आवड! तुम्ही त्या पंगतीत असतात तर तिथल्या तिथे म्हणाला असतात की या सगळ्या जेवणासाठी खोटं बोलताहेत. तेवढा खरेपणा तुमच्यात होता. बाकी कशात नव्हता. फुलांत तर नव्हताच नव्हता.

म्हणून लिहायला बसले. आपण विहिणी, पण तुम्ही होतात तोवर मी नुसती मुलीची आई होते. मुलाच्या आईने बोलायचं आणि मुलीच्या आईने पदर सावरत ‘हो हो’ करायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही मला ‘तू’ म्हणायचात, मी तुम्हाला ‘तुम्ही’. वयाने मी वर्षभराने मोठीच असेन, पण ते तुम्ही कधी मनावर घेतलं नाहीत. आता तुम्ही नाही, तर माझं तोंड मोकळं झालं. माझे वडील शहाद्याला मास्तर होते, त्यामुळे मला लिहिता येतं, आणि लिहिते ते शाळेतल्या मराठीत. तुम्ही असतात तर नाक मुरडून म्हणाला असतात, “तुन्ही हाई पुस्तकनी भाषा ठेव बाजूले.” ठेवत नाही. काय करणार आहात?

आमचं घर तापीकाठच्या प्रकाशा गावचं. घाटाच्या वाटेवर आमचं लहानसं दुकान, नारळ-कुंकू-कापराचं आणि फुलांच्या माळांचं. माळा मी आणि माझी नणंद जनाक्का करायचो. मानमोडीच्या साथीत जनाक्काचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे. तुमचं घर नंदुरबारात, स्टेशनच्या रस्त्याला, मिरचीचा मोठा व्यापार. तुमचा भास्कर यात्रेला आला, आमच्या दुकानावर नारळ घेतला, माळ घेतली, आणि आमची यमुना त्याच्या मनात भरली. तुमच्या यजमानांनाही ती आवडली. तुम्हाला नाही आवडली. पण घरात तुमचं कितीही चालत असलं तरी सोयरीक ठरवणं पुरुषांच्या हातात, तेव्हा तुम्ही गप्प बसलात आणि तो सगळा राग माझ्या मांडवावर काढलात.

मुलाची आई लग्नाआधी मुलीच्या दारात येत नाही. तुम्ही आलात. बैलगाडी नदीकाठी सोडून, नावेतून उतरून, बरोबर गड्याच्या डोक्यावर एक पत्र्याची ट्रंक घेऊन आलात. आम्ही पाय धुवायला पाणी दिलं, गूळपाणी दिलं. तुम्ही आमची ओसरी नजरेने मोजलीत, छत पाहिलंत, मग ट्रंक उघडलीत. सुरतेहून आगगाडीने मागवलेला तुमचा खजिना! बशीएवढे जपानी कागदाचे गुलाब. त्यात निळे गुलाबही होते. काचमण्यांचे पडदे, बेगडाची कमान, आणि कापसाचे दोन हिरवे पोपट, ज्यांच्या चोचीत ‘सुस्वागतम्’ लिहिलेली तांबडी पट्टी होती. एका पोपटाला डोळा नव्हता. मी तेवढं दाखवलं तर म्हणालात, “लांबथून कोनले दखास?”

मीही आतून माझं आणलं. टोपलीत मोगरा होता, जाई होती, झेंडू होता, आंब्याचे टहाळे होते. बहाव्याचा एक घोस होता. वैशाख होता ना. सातपुड्याच्या वाटेवर बहावा नुसता पिवळा लोंबत होता. माझ्या मनात मांडवाच्या चारी बाजूंना बहाव्याचे घोस सोडायचे होते, कुणी आत आलं की डोक्याला ते हळूच लागावेत असे. मी ते सांगितलं. मुलीचं लग्न होतं, मला सांगताना थोडा आनंद झाला असेल, तो तोंडावर दिसलाही असेल. तुम्ही घोस दोन बोटांनी उचललात आणि खाली ठेवलात.

“हाई ते जंगलनं झाड शे. आम्ही काय लाकडं तोडाले येई ऱ्हायनूत का?”

“फूल आहे ते, याहीणबाई.”

“फूल सुकी जास. लगीनमा सुकेल चीज कसाले? मन्हा हाऊ गुलाब दख. नातूना लगीनले बी कामे ई.”

“त्याला वास कुठे आहे?”

“वास लेवाले लोके येतस का जेवाले?”

असं तुमचं बोलणं. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटायचं की यात काहीतरी शहाणपण आहे. नव्हतं. पैशाच्या घरात जन्मलेल्या माणसाला कुणी मध्येच थांबवत नाही, म्हणून त्याची बडबड शहाणपणासारखी ऐकू येते, इतकंच. जाताना तुम्ही आमच्या ह्यांना सांगितलंत की मांडव फुलवालीच्या मनाने होणार असेल तर वरात नदीच्या पलीकडेच थांबेल. फुलवाली म्हणजे मी. त्या दिवशी ते नाव तुम्ही मला दिलंत आणि मरेपर्यंत तेच वापरलंत.

आमचे हे भित्रे. त्यांनी तोड काढली की अर्धा मांडव त्यांचा, अर्धा आपला. दारातून शिरताना डावीकडे कागदी गुलाब, काचमणी आणि पोपट. उजवीकडे बहावा, मोगरा, टहाळे. एकाच मांडवात दोन घरची लग्नं लागताहेत असं वाटत होतं. इतका कुरूप मांडव मी आजवर पाहिला नाही, आणि त्याचा निम्मा दोष माझ्या नवऱ्याचा आहे हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

मुहूर्त गोरजाचा. दुपारी अशी काही झळ सुरू झाली की मांडवात उभं राहवेना. बहावा गळायला लागला. आधी पाकळ्या पडल्या, मग घोसच्या घोस नुसत्या काड्या उरल्या. आम्ही झाडत होतो, पुन्हा पडत होत्या. मोगरा पिवळा पडला, कडेने तपकिरी झाला. आणि तुमचे ते निळे गुलाब वाऱ्यावर फडफड करत ताठच्या ताठ! गावातल्या बायका, पोरंटोरं, सगळी डाव्या बाजूला गोळा झाली होती. कुणी कागदाला हात लावून पाहत होतं, कुणी आंधळ्या पोपटाला शीळ घालत होतं. ज्या लोकांना मी जन्मभर माळा करून दिल्या, त्या लोकांना बशीएवढा निळा गुलाब आवडला! माणसांच्या आवडीविषयी मला त्या दिवशी जे कळलं, ते पुढे कधी बदलावंसं वाटलं नाही.

तुम्ही आलात, उजवीकडे पाहिलंत, खाली पडलेल्या पाकळ्या पाहिल्यात आणि काहीच बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. तुमचा तो न बोलण्याचा आनंद मला अजून दिसतो.

तेवढ्यावर थांबला असतात तर मी आज हे लिहीत बसले नसते. मांडव म्हणजे चार बांबू. ते दुसऱ्या दिवशी सुटतात. पण मुंडावळ्या निघाल्या. जनाक्काने त्या सकाळी विहिरीच्या थंडाव्याला बसून गुंफल्या होत्या. मोगऱ्याच्या न उमललेल्या कळ्या, मधे एकेक तांबडी जास्वंदीची कळी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. त्या सगळ्या लग्नात सुकलं नव्हतं ते तेवढंच. भास्करच्या कपाळाला त्या बांधल्या. तो खाली बसला, आणि खरं सांगते, मुलगा देवासारखा दिसत होता. तुम्ही पुढे झालात.

“ह्या कोनी गुंफ्यात?”

कुणीतरी कौतुकाने सांगितलं, जनाक्काने. ती तिथेच होती, दाराच्या आड, लाल लुगड्यात, कपाळ मोकळं. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. नुसतं पाहिलंत आणि मुलाच्या कपाळावरून मुंडावळ्या ओढून काढल्यात. गाठ सुटेना तर तोडल्यात.

“तिन्हा हातनं काईच मन्हा पोऱ्याना कपायले लागाले नको.”

सगळ्या मांडवाने ऐकलं. मग ट्रंकेतून तुमच्या खोट्या मोत्यांच्या मुंडावळ्या निघाल्या, त्या बांधल्या गेल्या, भटजींनी घसा साफ केला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी मुलीच्या मागे उभी होते आणि अक्षता टाकत होते. मुलीचं लग्न मोडायचं नव्हतं, म्हणून टाकत होते. जनाक्काने खाली पडलेल्या तुटक्या मुंडावळ्या उचलल्या आणि मागच्या दाराने गोठ्यात गेली. नंतर मी पाहिलं, तिने त्या वासराच्या गळ्यात बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुटून पडल्या होत्या आणि वासराने खाल्लेल्या होत्या. जनाक्का म्हणाली, “त्याले तरी गोड लागन्यात.”

ती हसली म्हणून मी रडले नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात तुमच्याविषयी एकच भावना राहिली. तिला राग म्हणणं तिला मोठं करणं होईल. रागाला समोर माणूस लागतं. तुमच्याकडे पाहून मला एखाद्या घाणेरड्या भांड्याकडे पाहावं तसं वाटायचं.

मग नंदुरबारात तुमची पानसुपारी झाली. सून घरात आली म्हणून गावातल्या मोठ्या लोकांना बोलावून थाट दाखवायचा समारंभ. आम्हालाही बोलावलं, कारण थाट दाखवायचा तर तो मुख्यतः आम्हालाच. तुमचा दिवाणखाना छतापासून जमिनीपर्यंत कागदाने भरला होता. गॅसच्या बत्त्या सूं सूं करत होत्या. मधल्या लोडापाशी कुणी सरकारी साहेब बसले होते, पांढराशुभ्र डगला, पांढरा फेटा. आणि मग तुम्हाला सुचलं, की फुलांना वास नाही असं फुलवाली म्हणाली होती ना? तुम्ही गड्याला केवड्याच्या पाण्याची झारी दिलीत आणि सगळ्या कागदी फुलांवर शिंपडायला सांगितलंत. त्याने मन लावून शिंपडलं.

जपानी कागदाचा रंग कच्चा. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग साहेबांच्या फेट्यावर एक निळा थेंब पडला. मग डगल्यावर एक तांबडा. त्यांनी वर पाहिलं तर नाकावर हिरवा.  तुमचे यजमान हातात अत्तरदाणी धरून तसेच उभे. त्या शांततेत एकच माणूस हसलं, खळखळून, आणि ते मी होते.

“कोन हासनं?” तुम्ही विचारलंत. तुम्हाला माहीत होतं. त्या हसण्याबद्दल मी तुमची क्षमा कधी मागितली नाही, आजही मागत नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं हसणं होतं.

त्यानंतर तुमच्या-माझ्यात जे होतं त्याला संबंध म्हणायचं असेल तर म्हणा. मी दिवाळीला फराळ पाठवावा, तो तुम्ही नोकरांत वाटावा. मी यमुनेला न्यायला यावं, तुम्ही काहीतरी काढून तिचं येणं पुढे ढकलावं. यमुना पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तुमच्या नावाने ढसाढसा रडली, आणि मला, देव साक्ष आहे, बरं वाटलं. पुढच्या खेपेला ती कमी रडली. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, “बाई रागीट शेत, पन तश्या नहीत.” कशा नाहीत ते तिला सांगता येईना. तिला बाळंतपणाला मी आणली तर सव्वा महिना पुरा व्हायच्या आत ती म्हणू लागली की बाईंचं दुखणं आहे, मला जायला हवं. मला तिने कधी ‘आई’ सोडून काही म्हटलं नाही. पण तुमच्याविषयी बोलताना ‘बाई’ हा शब्द ती ज्या आवाजात उच्चारायची, तो आवाज मी माझ्यासाठी कधी ऐकला नाही. हे तुम्ही कसं केलंत ते मला कळलेलं नाही. बहुधा पैशाने. असं मी मनाला सांगत आले.

मग तुमचे यजमान गेले. मी आले भेटायला. तुम्ही आतल्या खोलीत कोपऱ्यात बसला होतात. हातात बांगड्या नव्हत्या, कपाळ उघडं होतं. मी समोर बसले.  तुम्ही मान वर केलीत.

“दखी लिधं? आते जाय.”

मी गेले. एवढ्या दुःखातही या बाईला माणसासारखं वागता येत नाही, असा विचार करत गेले.

आणि मग लढाईच्या दिवसांत तुमच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. कुसुमचं. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, जपानी कागद तर बाजारातून नाहीसाच झाला होता. घराचा कारभार आता तुमच्या दिरांकडे आणि मोठ्या जाऊबाईंकडे. तुमचा निरोप आला, गड्याच्या तोंडी: “सक्कायमा ये. जनाक्काले बी लई ये. ना सांगू नको.” मला वाटलं, नवा अपमान शोधून काढलाय. मी जाणार नव्हते. जनाक्का म्हणाली, “चाल ना, दखू ते सही आते काय काढस.” तिला गंमत वाटत होती.

तुम्हाला त्यांनी मिरचीच्या कोठीत बसवलं होतं. लग्नघर आहे, समोर येऊ नकोस, असं थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं होतं. कोठी पोत्यांनी भरलेली. दाराशी गेलेल्या प्रत्येकाला शिंका येत होत्या, डोळे चुरचुरत होते. तुम्ही मात्र एका पोत्यावर मांडी घालून बसला होतात, अजिबात न शिंकता, जणू जन्मभर तिथेच बसत आला होतात. दार बोटभर उघडं ठेवून तुम्ही मांडवाकडे डोळा लावला होता.

“फुलवाली, तू मन्हा हात. मी सांगसू तसं कर.”

आणि मी केलं. का केलं, कोण जाणे. ट्रंकेतले जुने कागदी गुलाब काढले. उंदरांनी निम्मे कुरतडले होते, निळ्याचा राखाडी झाला होता. तुम्ही दारामागून ओरडत होतात, “तठे नही, वर! वर लाव!” मी लावत होते, शिंकत होते आणि मनातल्या मनात तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. माणूस मिरच्यांच्या पोत्यावर येऊन बसलं, घरच्यांनी डोळ्यांआड केलं, तरी याला अजून कुरतडलेला कागद कमानीवर हवाच! एवढा हट्ट आणि एवढी घाणेरडी आवड एका देहात मी दुसरीकडे पाहिली नाही. पोपट तेवढे तुम्ही टाकून दिलेत. मी विचारलं का, तर म्हणालात, “त्याले डोया नही.”

मुंडावळ्यांचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, “जनाक्काले सांग गुंफाले.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“ऐकं नही का? तिन्हा हात चांगला शे, म्हनीसन सांगी ऱ्हायनू. दुसरं काई समजू नको.”

जनाक्का ओटीवर बसून गुंफायला लागली, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. आम्ही प्रकाशाहून मोगरा आणला होता. थोरल्या जाऊबाई आल्या, पाहिलं आणि ओरडल्या. हे काय चाललंय, कुणी बसवलं हिला, नवरीच्या कपाळाला काय बांधणार आहात. दीर आले, चार बायका जमल्या, मुलाकडची माणसं माना वळवून पाहू लागली. जनाक्काने हात थांबवला. मी तिच्या बाजूला उभी होते आणि मला पंधरा वर्षांपूर्वीचा माझा मांडव आठवत होता आणि मी वाट पाहत होते की आता पुन्हा तोडतील.

तेव्हा कोठीचं दार उघडलं.

तुम्ही बाहेर आलात. पांढऱ्या डोक्यावरून घेतलेला पदर, अंगाला मिरचीचा तो उग्र वास. लग्नाच्या मांडवात, भर माणसांत, तुम्ही येऊन उभ्या राहिलात तशा बायका मागे सरल्या. जाऊबाई म्हणाल्या, “तू मजार, कोठीमा जाय.” तुम्ही हलला नाहीत.

“मुंडावया जनाक्काच करी. मीच सांगेल शे. कोनले पटत नही त्यानी मन्ही पोरना कपायवरथून काढी दखा. मंग हाई लगीन बी नही आनि हाई घर बी नही.”

 मुलाचा बाप उठून उभा राहिला आणि मला वाटलं, मोडलं. तुम्ही पदराचं टोक बोटाभोवती आवळत होतात, बोट पांढरं पडेपर्यंत. ते मी पाहिलं, दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. मुलाच्या बापाने भटजींना विचारलं, मुहूर्ताला वेळ किती आहे. भटजी म्हणाले, फारसा नाही. “मंग लागू द्या,” तो म्हणाला आणि बसला. कुसुमच्या कपाळाला जनाक्काच्या मुंडावळ्या बांधल्या गेल्या. तुम्ही कोठीत परत गेला नाहीत. खांबाला टेकून उभ्या राहिलात आणि सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत अक्षता टाकल्यात.

हे तुम्ही केलंत. मी ते पाहिलेलं आहे आणि कुणी विचारलं तर सांगेनही. पण तुमचं थोरपण म्हणून सांगणार नाही. ज्या दिवशी स्वतःच्या कपाळावर आलं त्या दिवशी तुम्हाला कळलं. जनाक्काच्या कपाळावर होतं तेव्हा दिसलं नाही. आणि कळल्यावर तरी काय? मी संध्याकाळपर्यंत थांबले. तुम्ही जनाक्काला जेवायला वाढलंत, आग्रहाने, दोनदा तूप वाढलंत. मी वाट पाहत होते एका वाक्याची. त्या प्रकाशाच्या दिवसाबद्दल एक वाक्य. तिला म्हणा, मला नका म्हणू. तुम्ही म्हणालात, “पोळी अजून घे.” निघताना मला म्हणालात, “तुन्ही नणंदना हात भारी शे. तुन्ही आवड मातर... राम राम.”

वाटेत मी जनाक्काला म्हटलं की बघ, शेवटी माफी नाहीच मागितली. ती म्हणाली, “मन्हं तिन्हं मिटनं. तुन्हं तू दख.”

माझं मिटलं नाही. तेच तर सांगायला बसले आहे. तुमच्याविषयी माझं मत पक्कं होतं, त्यात मी सुखी होते. या वयात कुणाचा तिरस्कार नीट बसवून ठेवलेला असावा आणि त्या माणसाने येऊन त्याचा एक खांब हलवावा, हा कुठला न्याय? मी तुम्हाला धड नावं ठेवू शकत नाही, धड चांगलं म्हणू शकत नाही. याचा मला तुमच्यावर सगळ्यात जास्त राग आहे.

शेवटच्या दुखण्यात मी आले होते, आठवतं? यमुना तुम्हाला चमच्याने पेज भरवत होती. माझ्याच लेकीला मी कधी इतक्या हळू हाताने काही करताना पाहिलं नव्हतं. ती भांडं ठेवायला आत गेली आणि तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, “दुकानमा आजून मोगराच इकस का?”

“हो.”

“सुकत व्हई.”

“सुकतो.”

“मंग?”

त्या ‘मंग’चं उत्तर माझ्याकडे कित्येक वर्षं तयार होतं. सुकतं म्हणून दर लग्नाला नवं करावं लागतं, आणि नवं करायचं तर कुणातरी माणसाला पहाटे उठून बसावं लागतं. ट्रंकेतून काढलेल्या कागदाला कुणाचाच हात लागत नाही. असं बोलणार होते. इतक्यात यमुना औषध घेऊन आली, तुम्ही तोंड वळवलंत, ती तुमच्यावर रागावली, तुम्ही तिच्यावर रागावलात, आणि तुमच्या दोघींच्या त्या भांडणात मला बसायला जागा नव्हती. मी उठले. नंतर म्हणेन म्हटलं.

तेराव्यानंतर यमुनेला म्हटलं, चार दिवस प्रकाशाला चल, विसावा घे, किती सुकलीस. ती म्हणाली, “आते नही, आई. घर कोन दखी?” आणि वळून मोलकरणीला म्हणाली, “तठे नही, वर ठेव!” तिला स्वतःला ते ऐकू आलं नाही. मला आलं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

सर्व्हिस मोटार नदीपर्यंत आली. नाव भरायची होती, म्हणून वाट पाहत बसलो. शेजारी एक बाई होती, शहाद्याकडची, डोक्यावर पाटी, पाटीत केळी. माझं कपाळ उघडं नव्हतं, पण तोंडावर काहीतरी दिसलं असेल. तिने विचारलं,

“कथी गयथी बाई?”

“नंदुरबारले. मन्ही याहीन मरी गयी.”

“चांगली व्हती का?”

“नही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाटी खाली ठेवली आणि सरकून जागा केली. “मन्ही बी नही,” ती म्हणाली.

नाव सुटली तशी मी तुमच्याविषयी बोलायला लागले. निळ्या गुलाबाविषयी, आंधळ्या पोपटाविषयी, साहेबांच्या नाकावरच्या हिरव्या थेंबाविषयी. मिरचीच्या पोत्याविषयी. पदरात आवळलेल्या बोटाविषयीही. चांगला शब्द एक वापरला नाही. ती हसत होती, मधेच डोळे पुसत होती, नावाडी कान देऊन ऐकत होता. काठ आला. उतरताना तिने पाटी डोक्यावर चढवली आणि म्हणाली,

“तुन्ही याहीनले एक डाव भेटाले जोयजे व्हतं.”

“उशीर व्हई गया, बाई,” मी म्हटलं.